समोरच्या घरी, समुद्रापलीकडून

—नाही हो मॅडम, तुमचा राउटर ठणठणीत आहे, त्या बिचाऱ्याला बोल लावू नका. बसा आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो — एक मोडका पाय पुरे झाला. सॉरी, गंमत केली. कुबडी द्या इकडे, भिंतीला टेकवतो. हं, तर पाय मोडल्यापासून घरूनच, व्हिडिओवर शिकवता, आणि बोलणं तुटतं म्हणता. सगळ्यांशी तुटतं? नाही ना? बाहेरगावची मुलं तुमच्याकडे बोलायला शिकतात, ती नीट ऐकू येतात, एकाच पेशंटचं तुटतं. आणि हा पेशंट राहतो कुठे — थांबा, मीच सांगतो — समोर. याच रस्त्यावर, पलीकडच्या बाजूला. ओळखलं की नाही? ओळखणारच. रोज कोणीतरी येतं आणि डोळे मोठे करून हेच विचारतं, की लांबचं नीट चालतं आणि समोरचं कसं अडखळतं.

उठू नका, मी स्क्रीनच फिरवतो. आता इथून समोरच्या इमारतीला एक हाक मारू. ही बघा निघाली. इथून, मी जिच्याकडून नेट विकत घेतो त्या मोठ्या कंपनीकडे, तिथून किनाऱ्यावर, मग समुद्राखालून — हो, खरंच समुद्राखालून — परक्या देशात. तिथे एका इमारतीत माझी मोठी कंपनी आणि समोरच्याची मोठी कंपनी एकमेकींना भेटतात. तिथे वळली, परत समुद्र, परत किनारा, आणि आली रस्त्याच्या पलीकडे. हसा, हसा. लोकांना वाटतं नेट जवळची वाट धरतं. त्याला कसलं आलंय जवळ नि लांब? कोणाचं कोणाशी जमतं, तेवढंच त्याला कळतं. या बाजूला मी, त्या बाजूला दुसरी कंपनी, आमची आपसात वायर नाही — मग तुमचा शब्द जाणार कुठून? जगाला वळसा घालून. आणि वाटेत गर्दी झाली, की मधले तुकडे गळतात.

मग वायर का टाकत नाही? विचारलंतच. अवघड काय आहे, या खांबावरून त्या खांबावर, सकाळी शिडीवर चढलं तर जेवायच्या आत खाली. पण तशी वायर टाकतात ती बरोबरीच्यांत. आमच्या धंद्यात असंच असतं — दोघं तोलामोलाचे असले तर सरळ जोडून घेतात, कोणी कोणाला काही द्यायचं नाही. नाहीतर लहानानं मोठ्याचं गिऱ्हाईक व्हायचं. आला होता ना तो समोरचा कंपनीवाला विचारायला, इथेच उभा होता, तुम्ही बसलात तिथे. म्हणाला, दादा, वायर टाकू या, दोघांच्या लोकांची सोय होईल. — हो, भाऊ. सख्खा, धाकटा. निघून गेलं तोंडातून, आता काय करता. आधी इथेच कामाला होता, मग स्वतःचं थाटलं, राहायलाही समोर गेला, बँकेच्या वर. मी म्हणालो, माझी बरोबरी करायला आलास? कालपर्यंत माझी शिडी धरत होतास. गिऱ्हाईक हो, मग बघू. सगळ्या कामगारांसमोर म्हणालो. आणि दारात आई, माझा डबा घेऊन. तिनं डबा टेबलावर ठेवला, त्याच्यामागोमाग पायरी उतरली, ती त्याच्याकडेच राहिली. वाटलं येईल परत. आता शेजारी विचारतात, आई दिसत नाहीत? मी सांगतो, बहिणीकडे गेलीय. खोटं बोलायची लाज वाटते, पण खरं सांगायची त्याहून जास्त वाटते.

खबर कळते की. बहीण आहे ना, परदेशात — योगायोग बघा, तुमचा शब्द जिथे वळतो, त्याच शहरात. इकडचं भाऊ तिला सांगतो, ती मला सांगते. मध्ये म्हणाली, आईला जरा थकवा आहे. मी म्हटलं, काळजी घे म्हणावं. असं सगळं 'म्हणावं'वर चाललंय. जाऊ द्या, माझं रडगाणं कुठे लावलं. तुमचं सांगा, तुटण्याशिवाय आणखी काय होतं?

अक्षर दोनदा येतं? हे मात्र नाही पटत. लाइन आवाज खाते मॅडम, वाढवून देत नाही. घुमत असेल. पण घुमला तर तो तुमचाच आवाज तुमच्याकडे परत येतो. हा पेशंटचा येतो? थांबून येतो? दोन्ही वेळा तेवढ्याच जोरानं? मग लाइन नाही ती. पेशंटच दोनदा म्हणतोय. कुठलं अक्षर?

'दा'.

म्हणजे — तुम्ही 'पाणी' म्हणायला सांगता, आणि तिकडून 'दा' येतं, मग थोडं थांबून परत 'दा'. आणि तुम्हाला वाटलं लाइनचा दोष, म्हणून तुम्ही म्हणता, एकदाच म्हणा आजी. ... आजी? वाचा कशानं गेली? अर्धांगाचा झटका. बरं. त्यांच्याजवळ कोण असतं त्या वेळी? दिवसाची बाई. तिला काय ठाऊक असणार. मजला कुठला, मॅडम? बँकेच्या वरचा?

हिरवा पडदा. हो, इथून दिसतो. रोज दिसतो.

बहीण थकवा म्हणाली होती. जरा थकवा.

घरात मला नावानं कोणी हाक मारत नाही, मॅडम. धाकटा मला 'दादा' म्हणायचा, मग आईही दादाच म्हणायला लागली. — नाही, तुमची काय चूक, तुम्ही तुमचं काम केलंत. पण आता तिला थांबवू नका. दोनदा म्हणू दे. एवढं वाईट बोललो मी तिच्यासमोर, आणि तिला बोलता येईना तेव्हा तिच्या तोंडात... माझी लायकी आहे का हो?

वायर टाकतो. त्यानं टाकू दिली तर. बरोबरी राहू दे बाजूला, मीच त्याचं गिऱ्हाईक होतो. फोन? नंबर कुठे आहे माझ्याकडे? पुसून टाकला होता. बहिणीकडे मागावा लागेल. बघा — पडदा इथून दिसतोय आणि मी नंबरासाठी समुद्रापलीकडे फोन लावतोय.

नको, निरोप नको. तुम्ही काही सांगू नका. ही घ्या कुबडी. उठा, मला शटर ओढायचंय. भरदुपारी ओढायचंय, हो. निघा म्हणतो ना, तुमची तक्रार मिळाली मला. — आणि हात सोडा माझा. प्लास्टर तुमच्या पायाला आहे, मला कशाला धरताय? रस्ताच तर ओलांडायचाय.