तुटलेल्या जागेतला आवाज

कीर्तनकार गेले तरी त्यांचा उपदेश मोबाईलवर ऐकता येतो, त्यात वाईट काय, असं तुम्ही म्हणता. मी पण तसंच म्हणायचो. पण अणदूरच्या आमच्या शेजारच्या काकूंचं ऐका.

त्यांचे यजमान कीर्तन करायचे, मागच्या वर्षी वारले. काकू त्यांच्या शेवटच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग घेऊन आल्या. माईक बिघडल्यानं मधेच आवाज तुटला होता. माझं कामच आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरचं. तुटलेल्या जागी त्याच आवाजात अंदाजानं शब्द भरायची सुधारणा मी नुकतीच केली होती. ती वापरून रेकॉर्डिंग लावलं.

महाराज सांगत होते, "आपलं काम इमानदारीनं करा. कुणी बघत नसलं तरी करा." मग ती तुटलेली जागा आली. तिथं तोच आवाज हळूच म्हणाला, "चिमे, कडी लावू नको. मी येतोय."

काकू पांढऱ्याफटक पडल्या. "चिमी म्हणून मला फक्त हेच हाक मारायचे. तेबी घरात दुसरं कुणी नसताना."

मी खरं ते सांगितलं, "काकू, हे ते बोललेलेच न्हाईत. मशीननं मनानं भरलंय."

"मग मशीनला माझं नाव कुणी सांगितलं रे?"

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या साहेबांना फोन केला, म्हणालो, ही सुधारणा मी लोकांच्या हातात देणार नाही.

साहेब म्हणाले, "अरे, सुरुवातीला चुका होतातच. दुरुस्त कर की."

म्हणालो, "साहेब, चूक असती तर केलीच असती."