राणीच्या हातातली वाटी

मी, नंदकुमार विनायक हर्डीकर, वय ५१ वर्षे, धंदा नोकरी (सरकारी कार्यालयात लिपिक), राहणार सेक्टर ८, सीबीडी बेलापूर. आज रविवार, दि. १८/०२/१९९६ रोजी १४.१० वाजता पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व माझी मुलगी वैदेही, वय २१, असे दोघेच राहतो. ती चित्रकला शिकते. माझी पत्नी कै. सौ. चारुलता १९८४ साली वारली.

वैदेहीने तीन महिने खपून मोठे तैलचित्र काढले. विषय, कुठल्याशा प्राचीन राणीचा मृत्यू. चित्रात भिंती नाहीत, नुसता दरवाजा आहे. पाणी पलंगाला टेकले आहे. राणी हिरवे लुगडे नेसून निजली आहे, कपाळभर मळवट आहे. केस पाण्यात उतरून त्यांची नदी झाली आहे. राणीच्या हाती सोन्याचा पेला हवा. हिच्या हाती आमच्या घरातली, काठाला पोचा आलेली पितळी वाटी आहे. चेहरा कोणाचा, असे विचारल्यावरून सांगतो, चेहरा चारुलताचा आहे.

आज अकराला वैदेहीला बघायला पाहुणे यायचे होते. चित्र हॉलमध्ये होते. ती फुले आणायला खाली गेली असता मी खिडकीच्या गजांचा उरलेला पांढरा रंग घेऊन चित्रातली वाटी झाकेल असे कमळ काढले. सवाष्ण झोपली आहे असे पाहुण्यांना वाटावे, हा हेतू. माझे डोके ठिकाणावर नव्हते असे मी म्हणणार नाही. होते.

ती १०.२० ला परत आली. चित्राकडे पाहून म्हणाली, "बाबा, परत तेच केलंत." मग मांडणीवरची पितळी वाटी घेऊन अनवाणी बाहेर पडली. "वैदू, पाहुणे येतायत," एवढेच मी म्हणालो. पाहुण्यांना चहा दिला. मुलगी मैत्रिणीकडे अडकली, असे सांगितले. ते साडेबाराला गेले. ते दोन तास मी घालवले.

नंतर जिन्यात मासळीवाल्या सुंदराबाई, राहणार दिवाळे, म्हणाल्या, "तुमची पोर खाडीकरं गेली. हातान वाटी हाय, पायान चपला नाय." मी खाडीवर दोनदा जाऊन हाका मारून आलो. तिच्या अंगात पिवळा पंजाबी ड्रेस, उंची पाच फूट दोन इंच, बोटांना हिरवा रंग लागलेला.

"परत तेच" म्हणजे काय, असे विचारल्यावरून सांगतो. १९८४ साली मी जबाब दिला की, पत्नीने खोकल्याचे समजून चुकून दुसरे औषध घेतले. तो जबाब खोटा आहे. तिने ते जाणूनबुजून घेतले, त्याच वाटीत. आठवडाभर ती सांगत होती की, मला इथे गुदमरतंय. मी पेपर वाचत होतो. वैदेही नऊ वर्षांची, दारात उभी होती. तू काही पाहिलं नाहीस, असे मी तिला बजावले. वाटी घासून मांडणीवर ठेवली. हिरवे लुगडे, मळवट, सगळे रीतीने केले. बायका म्हणाल्या, नशिबाची, अहेव गेली. बारा वर्षे मीही तेच म्हणत आलो.

साहेब, भरती लागेल. माणसे पाठवा, होडी पाठवा. मी पाया पडतो, हेही लिहा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वैदेही सापडल्यावर, मला भेटवण्याआधी, तो तिला वाचून दाखवावा.

सही
नं. वि. हर्डीकर