ज्या खोलीत उंदीर यायला नको होते

नाव ओळखपत्रावरून वर उतरवून घेतले आहे. त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरले नाही, सगळे शिलाईवाल्या मावशी म्हणतात. वय ६७ वर्षे. धंदा शिवणकाम. राहणार धान्यबाजारामागील गल्ली, तळमजला. घरात मी एकटी.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, आमच्या भागात बाहेरून आलेल्या मालाबरोबर नव्या जातीचे उंदीर शिरले आहेत. आपल्या उंदरांपेक्षा थोराड, पाइपावरून सरसर चढणारे. ते पुढे कुठे पसरतील याचा नकाशा नगरपालिकेत तयार होतो. त्यासाठी पाहणी करणारे एक गृहस्थ दर सोमवारी दुपारी माझ्याकडे येत. मी त्यांना उंदीरवाले म्हणते, तेही रागावत नाहीत. काजळी फासलेला एक पुठ्ठा ते ओट्याखाली ठेवत आणि आधीचा घेऊन जात. उंदीर त्यावरून गेला तर पावले उमटतात.

माझ्याकडे कधीच काही उमटले नाही. मी एकदा म्हटले, "अहो, उंदरांनीसुद्धा माझ्या घराकडे पाठ फिरवलीय. तुम्ही कशाला चपला झिजवता?" ते म्हणाले, "मावशी, कुठे नाहीत हे कळल्याशिवाय कुठे जातील ते कसं सांगणार?" मग चहा घेत. बोलणे बेताचेच. साखर विसरली तरी तसाच पिऊन टाकतील, असा मुखदुर्बळ माणूस. आठवडाभरात माझ्या घरात तेवढाच एक दुसरा आवाज. हे लिहिण्यासारखे नाही असे हवालदारसाहेब म्हणतात, तरी लिहावे.

या सोमवारी ते आले नाहीत. चहाचे आधण आटले, पुन्हा ठेवले, तेही आटले. मंगळवारी सकाळी मी त्यांच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "रजेवर असतील." मी म्हटले, "असतील म्हणजे? अर्ज दिलाय का त्यांनी?" तर खांदे उडवले. आजवर त्यांची चौकशी करायला कोणी आले नव्हते म्हणे, म्हणून 'तुम्ही त्यांच्या कोण' हे मला परत परत विचारले. 

तेवढ्यात आतल्या खोलीतले बोलणे कानावर आले. नकाशा करणाऱ्या बाईंकडे एक लॉन्ड्रीवाला तक्रार घेऊन आला होता. दुकान बंद करताना वरच्या खोलीत उंदीर धावलेले ऐकू येतात, असे त्याचे म्हणणे. बाई म्हणाल्या, "तुमची जागा नकाशात सुरक्षित आहे. वर आमचाच पाहणी करणारा माणूस राहतो. अन्न झाकलेलं, कचरा रोजच्या रोज बाहेर. शिवाय हे उंदीर माणसाच्या पावलांना बिचकतात. तिथे ते इतक्यात यायलाच नकोत. आमचा अंदाज चुकला म्हणायचा."

 मी सरळ आत घुसले आणि म्हटले, "बाई, अंदाज चुकला नसेल तर?" चालतेफिरते माणूस आहे म्हणून उंदीर येणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. उंदीर तर आले. मग चालतेफिरते माणूस कुठे गेले? बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. त्यांनी गाडीची किल्ली उचलली आणि मला म्हणाल्या, "चला."

लॉन्ड्रीवरच्या त्या खोलीचे दार आतून बंद होते. हाकांना ओ नाही. लॉन्ड्रीवाल्याने खांदा लावून कडी उखडली. ती माझ्या सांगण्यावरून उखडली, त्याला त्रास देऊ नये. उंदीरवाले मोरीच्या कडेला पडले होते. पाय विचित्र वळलेला, ओठ फुटलेले. बादलीत भिजवलेला पंचा तोंडाशी धरलेला, त्यावरच जगले असावेत. ओट्यावरचे दोन उंदीर आमच्याकडे बघत सावकाश निघून गेले. खोलीत खुर्ची एक, ताट एक, पेला एक. लॉन्ड्रीवाला डोक्याला हात लावून म्हणाला, "दिवसभर खाली मशीन चालू असतं हो, हाक ऐकूच आली नाही. मला वाटलं, गावाला गेलेत." मी खाली बसून म्हटले, "मी आलेय, शिलाईवाली मावशी." त्यांनी डोळे किलकिले केले आणि विचारले, "सोमवार झाला का?" मी म्हटले, "झाला. गप्प पडून राहा आता." रडू मला तिथे आले नाही, जिना उतरताना आले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पायाचे ऑपरेशन करावे लागेल, पण अंगात ताकद नाही, रात्र कशी जाते ते बघू. त्यांच्या भावाला फोन लावला. "आमचं येणं-जाणं नाही," एवढे बोलून त्याने फोन ठेवला. मी खाटेजवळ बसले होते, तर नात्यातल्यांशिवाय कोणाला थांबता येत नाही म्हणून मला बाहेर काढले. त्यांना आता पुन्हा शुद्ध नाही.

मी त्यांची नात्याने कोणी लागत नाही. परंतु तो माणूस तिकडे जमिनीवर पडून माझा वार मोजत होता आणि मी इकडे चहा आटवत होते. पुन्हा डोळे उघडतील तेव्हा समोर नुसती भिंत असू नये. मला त्यांच्याजवळ बसू द्यावे, असे पत्र ठाण्याने दवाखान्याला द्यावे. ते मिळेपर्यंत मी या बाकावरून उठणार नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांच्याबद्दल 'बेवारस' असा शब्द आला होता, तो मी खोडायला लावला. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.