बॅट हलवू नकोस!

नाही, मला सांगा, हातात बॅट देता आणि वर म्हणता हलवू नकोस? मग दिली कशाला, पाठ खाजवायला? तुम्हाला सांगतो, आमच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, उसाच्या मळ्यातल्या आमच्या वस्तीत, बेसबॉल म्हणजे नुसती बडवाबडवी! डोक्यावरून जाऊ दे, पायाशी येऊ दे, दिसला चेंडू की हाण... कारण कुंपणाशी अमेरिकेहून आलेला माणूस बसलेला असतो, तो फटका बघतो आणि खेळाडू उचलून नेतो. सोडलेले चेंडू बघून कुणी कुणाला विमानात बसवलंय का हो? मीही असाच बडवत बडवत आयोवाला आलो. चारी बाजूंना मका, आणि मक्याच्या मधोमध आमचे कोच, हॅरल्डसाहेब!

"एलाडियो, बॅट हलवू नकोस! वाईट चेंडू सोड. चार सोडलेस की फुकटात पहिल्या तळावर जाशील!"

फुकटात! आमच्या सात पिढ्यांत फुकटाचं काही मिळालेलं नाही, हाताला ते पटणार कसं? चेंडू आला की हात आधी जातो, डोकं मागून पोचतं... आणि मी जातो बाकावर!

ज्यांच्या घरी राहतो त्या लोरेटाबाई, जीव लावतात हो, पण त्यांचंही तेच. ताटात चीजमधला पास्ता ओततात नि म्हणतात, "बाळा, आज तरी बॅट हलवू नकोस हं!" मला घेवड्याच्या आमटीची नि भाताची आठवण येऊन रडू फुटतं, त्यांना वाटतं पास्ता आवडला... आणखी वाढतात!

आणि तिकडून आईचा फोन. "अरे, घराच्या भिंती झाल्या, छत तेवढं राहिलंय. वादळाचे दिवस तोंडावर आलेत. किती फटके मारलेस?" काय सांगू? क्लबशी केलेला करार टिकला तर छत, आणि करार टिकवायचा तर... बॅट हलवू नकोस!

मग तो गेल्या महिन्यातला सामना. शेवटचा डाव, बरोबरी, तिन्ही तळांवर आमची माणसं. म्हणजे मी पहिल्या तळावर गेलो की सगळे एकेक तळ पुढे, तिसऱ्यावरच्याची धाव पूर्ण, आणि सामना खिशात! साहेब बाकावरून ओरडतायत, मी दात आवळून उभा... एक सोडला, दुसरा सोडला, तिसरा... आई गं, तो तर अगदी नाकासमोरून गेला... चौथाही सोडला! जिंकलो! साहेबांनी मला उचललंच. "शिकला! अरे, शिकला शेवटी!" म्हातारा चक्क रडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच खोलीत बोलावलं. टोपी काढून बसलेले. "वरून, क्लबच्या मालकांचा फोन होता. म्हणतात, हा मुलगा फटके मारत नाही."

"साहेब, तुम्हीच म्हणालात ना..."

"मीच म्हणालो रे," म्हणाले, आणि विमानाचं तिकीट पुढे सरकवलं.

करार गेला, व्हिसा गेला. आईला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ये बाबा तू. ताडपत्री बांधू." शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं हो!

आता मामा म्हणतो, "अमेरिका बघून आलायस, आपल्या पोरांना शिकव." शिकवतो की! पण काय शिकवू? सोडायला शिकवलं तर एकही जण त्या उसातून बाहेर पडायचा नाही. म्हणून सांगणार, हाणा रे, दिसेल तो हाणा... बाकीचं काय, तिकडे गेल्यावर कळेलच!