टोकाची बाई

हॅलो?… हां, लोरी, बोल… नाही गं, पंखा घरघरतोय तो. कॉम्प्युटर चालू आहे… हो, बॅरीचाच. नवरा गेला, त्याचं डबडं राहिलं… अगं ऐक ना, चित्र चाललंय. एआयचं. आपण सांगायचं काय हवं ते, मग हे वीस मिनिटं धापा टाकतं. खोली अशी तापते की हीटर लावावा लागत नाही… जुलै आहे ना, ऐन हिवाळा, इथे टास्मानियात नुसतं कुडकुडायला होतं. तुमचं पर्थ बरं.

काय?… हो, तेच, बोल्स क्लबचं. पन्नास वर्षं झाली क्लबला आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो नाही. थंडी पडली की निम्मे जण क्वीन्सलंडला ऊन खायला पळतात… मग मीच म्हटलं, मी करून देते. क्लबच्या फलकावरचे एकेकाचे फोटो आणून मशीनला दिले… आठ दिवस, लोरी. पांढरे कपडे दिसले की ते मेलं हिरवळीवर घरंगळवायच्या गोळ्याऐवजी प्रत्येकाच्या हातात क्रिकेटची बॅट द्यायचं… हो, हस, हस. आमच्या क्लबातल्या डॉटला तर विकेटकीपर करून ठेवलं होतं.

नाही, झालं शेवटी. छान झालं. काल दुपारी चहाच्या वेळी ट्रेव्हरने भिंतीवर लावलं… अध्यक्ष गं, ट्रेव्हर. मी लॅमिंग्टन केक करून नेले होते… वाजवल्या ना, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ट्रेव्हर म्हणाला…

हॅलो? ऐकतेयस ना?… कोण रडतंय, नात?… घे तिला, घे. मी थांबते.

… हां. म्हणाला, "ग्लेनिस, फक्कड झालंय. फक्त ती टोकाची बाई मशीनने उगीच घुसडलीय. तेवढी काढून टाक."

… मीच, लोरी. डॉटच्या शेजारी मीच मला उभं केलं होतं.

नाही, चेहरा तसा… अगं, फलकावर माझा फोटो नाहीच, आणि घरी तरी नवा आहे कुठे? बॅरी गेल्यावर माझा फोटो काढणार कोण? बारा वर्षांपूर्वीचा दिला, केस काळे होते तेव्हाचा… हो, तेही खरंच. पण तीन वर्षं दर शनिवारी चहा ओततेय मी त्यांना. कुणी कमी पडलं की खेळायलाही उतरते. एकाला तरी वाटायला हवं होतं ना, ही आपली ग्लेनिस?

काय म्हणणार? म्हटलं, हो ट्रेव्हर, मशीन करतं असलं काहीतरी. सगळे हसले. मीही हसले… नाही सांगितलं. कसं सांगायचं गं, ती मी आहे म्हणून?… वाईट म्हणजे काय… घरी आले आणि किती वेळ गाडीतच बसून राहिले.

तेच चाललंय आता. काढतंय मला… होईल दोन मिनिटांत. तोवर बोल ना काहीतरी… हो, भरव की तिला. फोन ठेवू नकोस पण, बाजूला ठेव नुसता…

आलं बघ… थांब, चष्मा… हं. काढलं. मागचं कुंपणसुद्धा नीट भरलंय…

लोरी, अगं… डॉटच्या खांद्यावर माझा हात राहिलाय.

नुसता हात. लग्नाची अंगठीसुद्धा दिसतेय…

नाही, आता परत नाही चालवत. राहू दे तिथेच… लोरी?… झोपली का ती?… लोरी?

बरं. ठेवते मग.