बुडालेला थेंब

सोमवारच्या अभिषेकासाठी नर्मदेच्या ग्वारीघाटावरून तांब्याभर पाणी घेऊन परतताना विभावरीताई गुडघा दाखवायला दवाखान्यात थांबल्या होत्या. बाकावर शेजारी हातात बाटली घेतलेल्या शेवंतामावशी आणि वीज उपकेंद्रात काम करणारा त्यांचा भाचा विष्णू.

“मावशी, बाटलीत काय आहे?” विष्णूनं विचारलं.

“ट्रान्सफॉर्मरचं तेल. जावयानं आणलं. गुडघ्याला लावून राहिली मी.”

“कोणत्या ट्रान्सफॉर्मरचं?”

“भंगारात निघालेल्या. जुनं तेल जास्त गुणकारी असते म्हणे.”

“आत कोणतं तेल आहे, ती पाटी वाचली का त्यानं?”

“पाटी वाचून कोणी मालिश करते का रे?”

विष्णूनं चहाचा रिकामा कप विभावरीताईंपुढे धरला. “दीदी, या कपात थोडं पाणी देता का?”

विभावरीताईंनी तांब्यातलं पाणी ओतलं. विष्णूनं त्यात तेलाचा थेंब सोडला. थेंब तळाशी जाऊन बसला.

“साधं तेल तरंगते, मावशी, आणि तेही अंगाला लावत नसतात. हे तर जुनं, न पेटणारं. विषारी असते. आम्ही हातमोज्याशिवाय शिवत नाही.”

“अच्छा! तरीच दिव्यात पेटलं नाही.”

“दिव्यातही घातलं?”

“मग वाया काहून घालवायचं? अर्धी बाटली सुनेला, बेबीला दिली.”

“ती काय करते त्याचं?”

“किती वाजले रे?”

“दहा. काहून?”

“फोन लाव तिला. बाळाच्या मालिशची वेळ झाली.”