रुन्सच्या पहिल्या पानावर

माझ्या पिशवीतल्या डब्याचं झाकण टक्कन उघडलं आणि अमेरिकेतल्या त्या शाळेच्या ऑफिसबाहेरची शांतता मोडली. मी सहा वर्षांच्या जाईच्या अ‍ॅडमिशनसाठी आले होते. समोरच्या बाकावर एक मराठी जोडपं आणि मध्ये त्यांची सातवीतली मुलगी.

"कुंकवाचं स्वस्तिक काढायची काय गरज होती, शंतनू?"

"अगं, नवी वही होती. पहिल्या पानावर मी नेहमीच काढतो."

"प्रोजेक्ट कशावर आहे, ते तरी विचारायचंस!"

"कुठल्यातरी जुन्या लिपीवर."

"जर्मन लोकांच्या रुन्सवर, बाबा! ती अक्षरं पुढे नाझींनी वापरली, ते पण आहे त्यात."

"मला तू फक्त सांगितलंस, लाकडावर कोरायची म्हणून रेषा सरळ."

"ते पण लिहिलंय. बहुतेक इटलीकडच्या लिपीवरून आली, तेसुद्धा. पण मिसने पहिल्या पानावरच वही बंद केली."

"ईरा, रडू नकोस. आत गेलो की मी समजावतो, आपल्याकडे ते शुभ असतं म्हणून."

"नको बाबा! कोणी काढलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच."

"अगं, का पण?"

"ग्रीन कार्ड येईपर्यंत तुझं नाव कशातही यायला नको, असं तूच म्हणतोस ना?"

आतून बोलावणं आलं. तिघं उठून गेले आणि दार लागलं.

जाईने माझी बाही ओढली.

"आई, ते काका आत खरं सांगतील ना?"